धबधबा मागे का सरकतो?

आधी एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. मराठीत एवढा मोठा लेख लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला आणि मजकुराकडे बघा!

सहावीत असताना भूगोलाच्या प्रोजेक्टसाठी मी हवाई बेटांवर एक वही केली होती. त्यात हिलो गावाजवळच्या 'रेनबो फॉल्स'चं चित्र एका जुन्या कॅलेंडरमधून कापून चिकटवलं होतं. साधारण ८० फुटांवरून पाणी कोसळतंय आणि त्या पांढऱ्या पडद्यामागे काळीशार गुहा. त्या गुहेत हिना नावाची देवी राहायची, अशी तिथल्या लोकांची समजूत आहे. मला दहापैकी नऊ मार्क मिळाले आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की धबधबे आणि गुहा बघायच्या तर लांब समुद्रातल्या एखाद्या बेटावरच जायला हवं.

गंमत म्हणजे ही वही मी श्रीरामपूरला आमच्या घरी बसून करत होते आणि घरापासून पाच मिनिटांवर प्रवरेचा कालवा होता. आवर्तन सुटलं की तो दोन्ही काठ भरून वाहायचा. आम्ही मुलं पुलावरून कागदी होड्या सोडायचो. पण ते पाणी येतं कुठून, हे मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत कुणाला विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये हॉस्टेलच्या आम्ही सातजणी जोडून आलेल्या सुट्टीत आमच्या घरी श्रीरामपूरला आलो आणि तिथून जीप करून भंडारदऱ्याला गेलो. सहलीचं वर्णन करायला हा लेख नाही. (फोटो हॉस्टेलमध्ये सगळ्यांनी पाहिलेच आहेत!) त्या दोन दिवसांत दगड आणि पाणी यांच्याबद्दल जे कळलं, आणि एक गोष्ट जी थोडक्यात निभावली, ते लिहायचं आहे.

एका जिल्ह्यातले दोन पाऊस

बाभळेश्वर, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. श्रीरामपूरहून निघालो तेव्हा आभाळ नुसतं भरलेलं होतं आणि ऊस, सोयाबीन पावसाची वाट बघत होते. आमच्याकडे वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. राजूर सोडलं आणि वायपर थांबायलाच तयार नाही. पुढे घाटघर, रतनवाडी या भागात त्याच्या कित्येक पटींनी पाऊस पडतो. जिल्हा एकच, तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. मग एवढा फरक का?

कारण सह्याद्री. समुद्राकडून आलेले ढग कड्याला धडकून वर चढतात, वर हवा थंड, म्हणून ते तिथेच रिकामे होतात. पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्याकडे फारसं काही उरत नाही. आम्ही त्या सावलीत राहतो. म्हणूनच तर याला 'पर्जन्यछाया' म्हणतात. माझ्या वहीतल्या हवाई बेटावरही हेच आहे. वाऱ्याच्या बाजूला हिलो, तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. डोंगराच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मात्र कोरडं रान. धबधबे कुठे असणार, हे आधी ढग ठरवतात. मग पुढचं काम दगडाचं.

कातळाच्या पायऱ्या

सेकंड इयरला आम्हाला इंजिनिअरिंग जिऑलॉजी होतं. तेव्हा पाठ केलेलं इथे सोप्या भाषेत सांगते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हारस बाहेर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एक थर पसरायचा, थंड व्हायचा, मग त्याच्यावर दुसरा. चपातीवर चपाती रचावी तसे थर साचत गेले आणि त्याचा बेसॉल्ट झाला. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) भंडारदऱ्याच्या जवळच आहे आणि ते पायथ्यापासून माथ्यापर्यंत अशाच थरांचं आहे. या थरांना 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. 'ट्रॅप' म्हणजे सापळा नव्हे बरं का! पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळे थर सारखे पक्के नसतात. थराचा मधला भाग घट्ट आणि काळा. याला गावाकडे कातळ म्हणतात. वरचा भाग मात्र फसफसलेला, कारण लाव्हारसातले वायू वर येऊन तिथे बुडबुडे अडकतात. पुढे त्या पोकळ्यांत पांढरे चमकणारे खडे भरतात. शिवाय दोन लाव्हांच्या मध्ये बराच काळ गेला असेल, तर खालच्या थराचा माथा ऊन-पावसाने कुजून त्याची माती होते आणि वरून नवा लाव्हा आला की ती भाजून लाल होते. कड्याकडे नीट पाहिलं तर काळ्या भिंतीत गेरूची रेघ ओढल्यासारखा हा लाल पट्टा दिसतो. कधी वीतभर, कधी पुरुषभर जाडीचा.

हा लाल पट्टा या लेखाचा हिरो (की व्हिलन?) आहे. तो लक्षात ठेवा.

नदी वाहत वाहत कातळाच्या टोकाला येते आणि खाली पडते. पडलेलं पाणी उसळून मागच्या भिंतीवर आपटतं. कातळाला त्याचं फारसं काही होत नाही. पण खालचा मऊ थर, लाल पट्टा, हळूहळू खरवडला जातो. तिथे खोबण तयार होते. खोबणीची कपार होते, कपारीची गुहा. वरचा कातळ मग आधाराविना पुढे आलेला राहतो, गॅलरीच्या स्लॅबसारखा. आणि एक दिवस तो तुटतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू!

म्हणजे धबधबा आणि त्याच्यामागची गुहा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. गुहा म्हणजे धबधब्याचं पुढच्या पडझडीचं अंदाजपत्रक! नायगारा असाच गेल्या सुमारे १२,००० वर्षांत जवळपास ११ किलोमीटर मागे सरकला आहे. तिथे वर चुनखडीसारखा पक्का दगड आणि खाली मऊ शेल. आपल्याकडे वर कातळ आणि खाली फसफसलेला थर. दगड वेगळे, हिशेब तोच.

हॉस्टेलच्या बादलीएवढा दगड

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत बाण काढून आकृतीही काढली होती. तरीही...

भंडारदऱ्याच्या तलावाच्या कडेने रतनवाडीला जाताना पावसाळ्यात दर वळणावर पाणी कोसळत असतं. जवळच्या वाडीतले एक मामा वाट दाखवायला बरोबर होते. रस्त्यापासून थोडं आत एक लहानसा धबधबा लागला, दोन मजली घराएवढा. नाव काही नाही. आणि त्याच्यामागे हुबेहूब माझ्या वहीतल्या चित्रासारखी कपार! पाण्याचा पडदा समोर, मागे माणूस उभा राहील एवढी जागा. मी ओरडलेच. माझी रूममेट तर कॅमेरा दुसरीच्या हातात देऊन केव्हाच आत जाऊन उभी राहिली. आम्हीही निघालो.

मामांनी मागून हाक मारली. "पोरींनो, तिथं नका थांबू. ती ताई बाहेर घ्या आधी."

आम्हाला वाटलं, देवाची जागा असेल. नाहीतर साप असेल. मामा म्हणाले, "देव नाही, साप नाही. दगड बघा की. जुन्या दगडाला शेवाळ असतंय. हे खाली पडल्यालं बघा, कोरं, काळंकुळकुळीत. हे आवंदा पडलंय."

खरंच, पायाशी पाच-सहा धोंडे होते. त्यांच्या कडा धारदार, अंगावर हिरव्याचा टिपूस नाही. वर पाहिलं तर छताला तसाच एक ताजा ओरखडा आणि त्याच्या शेजारी बोटभर रुंद भेग, तिच्यातून पाणी झिरपत होतं. कपारीच्या मागच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल पट्टा. रूममेट कुरकुरत बाहेर आली. "एक तरी फोटो नीट काढायचा होता," एवढंच म्हणाली.

आम्ही शंभरेक पावलं मागे येऊन डबे उघडले. आईने दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दहा मिनिटं झाली असतील. धबधब्याच्या आवाजातही वेगळा ऐकू आला असा एक 'धप्प' आवाज झाला. वळून पाहिलं तर कपारीत नवा दगड. फार मोठा नाही, हॉस्टेलच्या बादलीएवढा. पण ती जिथे उभी होती तिथेच.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मामा भाकरी खात राहिले.

मला भीती वाटली ती नंतर, रात्री. आणि भीतीपेक्षा लाज जास्त. मी त्या आकृतीत 'खडकाची पडझड' असा बाण काढून तीन मार्क मिळवले होते. तोच दगड, तोच थर, तीच पडझड समोर होती आणि मला फक्त कॅलेंडरचं चित्र दिसलं! मामांनी 'अंडरकटिंग' हा शब्द आयुष्यात ऐकलेला नसेल, पण शेवाळ नसलेला दगड म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. दुरून डोंगर साजरे असं म्हणतात. मला तर जवळ जाऊनही ते दुरूनच दिसत होते.

गुहांचे प्रकार, आणि एक खांब

दुसऱ्या दिवशी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर गेलो. जाताना गुहांवरून वाद झाला, म्हणून इथे थोडं वर्गीकरण.

पहिला प्रकार, चुनखडीच्या गुहा. पावसाचं किंचित आम्लयुक्त पाणी चुनखडी विरघळवतं आणि आत पोकळी होते. छताला झुंबरासारखे लोंबते खांब तयार होतात. अंदमानात बाराटांग बेटावर अशा गुहा आहेत. बेसॉल्ट असा विरघळत नाही, म्हणून सह्याद्रीत झुंबरं शोधू नका.

दुसरा प्रकार, लाव्हा-बोगदे. लाव्हाच्या प्रवाहाची वरची साय आधी गोठते, आतला रस वाहून जातो आणि नळी रिकामी राहते. हवाई बेटावरची काझुमुरा गुहा अशीच आहे, लांबी ६० किलोमीटरच्या वर. म्हणजे हवाईचा आणि आपला दगड एकाच जातीचा, बेसॉल्टच! फक्त ते बेट वयाने अगदी कोवळं आणि आपला सह्याद्री म्हातारा.

तिसरा प्रकार, पाण्याने कोरलेल्या कपारी. यांची शिकवणी वर झालीच आहे. पाणी वाळू-गोट्यांना भोवऱ्यात फिरवून कातळात रांजणही कोरतं. आपल्याच जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रात ते रांजणखळगे पाहायला मिळतात.

आणि चौथा प्रकार, माणसाने छिन्नी-हातोड्याने कोरलेल्या. हरिश्चंद्रगडावर हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून थोडं खाली केदारेश्वराची गुहा आहे, ती या प्रकारची. मधोमध मोठं शिवलिंग आणि भोवती कमरेएवढं पाणी, हाडं गोठवणारं. लिंगाभोवती चार खांब होते. त्यांतले तीन तुटले आहेत, एकच शाबूत आहे. चांगदेवांनी याच गडावर तप केलं आणि शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ च्या सुमारास 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला.

शेवटचा खांब तुटला की जग बुडणार, असं लोक म्हणतात. आम्ही सिव्हिलच्या! पाण्यात कुडकुडत तिथेच चर्चा सुरू. तीन खांब गेले तरी छत का पडत नाही? उत्तर असं की हे खांब बांधलेले नाहीत, आजूबाजूचा दगड काढून घेतल्यावर उरलेले आहेत. छत हा वेगळा स्लॅब नसून डोंगराचाच भाग आहे आणि त्याचा भार मुख्यतः बाजूच्या भिंतींवर जातो. कोरणाऱ्यांनी भेगा नसलेला कातळ पाहूनच जागा निवडली असणार. आदल्या दिवशीची कपार आणि ही गुहा, दोन्ही एकाच दगडातल्या. एक मऊ थर गेल्यामुळे झालेली, एक पक्का थर शोधून केलेली. पहिलीत दहा मिनिटं उभं राहणं धोक्याचं, दुसरी कित्येक शतकं उभी आहे.

नळाने बंद होणारा धबधबा

परतताना राजूरच्या अलीकडे पुन्हा रंधा धबधब्यापाशी थांबलो. प्रवरा रतनगडावर उगम पावते, भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि पुढे रंध्याला सुमारे ५० मीटर खाली झेपावते. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ. धरण भरून सांडत असल्यामुळे धबधबा जोरात होता; कठड्याशी उभं राहिलं तरी ओलंचिंब.

पण हा धबधबा वर्षभर असा नसतो. त्याचं पाणी वळवून कोदणीच्या वीजगृहात नेतात. त्याची क्षमता ३४ मेगावॅट आहे. म्हणून पावसाळा सोडला तर बहुतेक वेळा तिथे कोरडा कडा दिसतो. एक मैत्रीण म्हणाली, हा गुन्हा आहे, निसर्गाला नळ कसा लावता?

मी जीपमध्ये वहीच्या मागे हिशेब केला. शक्ती म्हणजे पाण्याची घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले प्रवाह गुणिले उंची. सेकंदाला एक घनमीटर पाणी ५० मीटर खाली येत असेल तर १००० × ९.८१ × १ × ५० = ४,९०,५०० वॅट. म्हणजे सुमारे ४९० किलोवॅट. टर्बाइनमधला तोटा धरला तरी ४०० च्या वर. आपल्या हॉस्टेलमध्ये बंदी असलेले (आणि प्रत्येक खोलीत असलेले!) १००० वॅटचे चारशे रॉड एकाच वेळी चालतील. रेक्टर मॅडम, हे केवळ उदाहरण आहे!

नायगाऱ्यालाही असा नळ आहे. अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० मध्ये करार करून पर्यटकांच्या मोसमात दिवसा किती पाणी धबधब्यावर सोडायचं, हे ठरवून घेतलं. उरलेलं विजेसाठी वळवतात. पाणी कमी झाल्यामुळे नायगाऱ्याची मागे सरकण्याची गतीही मंदावली. म्हणजे आपण धबधबा नुसता बंद-चालू करत नाही, त्याचं म्हातारपणही लांबवतो.

आणि मग ते पाणी पुढे कुठे जातं? निळवंडे धरण, अकोले, संगमनेर, ओझरचा बंधारा... आणि तिथून कालव्याने आमच्या श्रीरामपूरला. भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्या पाण्यावर आमच्याकडे ऊस आला, साखर कारखाने आले, बाजारपेठ वाढली. माझे आजोबा कालव्याच्या कामामागोमाग या भागात आलेल्या एका कुटुंबातले. ज्या होड्या मी सोडायचे त्या रंध्याच्याच पाण्यावर तरंगत होत्या!

मी हे मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमच्याकडं पोचतंय ना, बरं झालं. आमच्या बाया चैतात डोंगर उतरून हंडा आणत्यात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे एवढा पाऊस कोसळतो तिथेच उन्हाळ्यात हंडा! पाणी उतारावरून धावतं, धरणात साठतं आणि कालव्याने आमच्याकडे येतं. वाडी मात्र धरणाच्या वर. धरणात ज्यांची शेतं गेली तेही तिथलेच. रंध्यावरचा नळ चांगला की वाईट, हा आमचा वाद तिथे फार लहान वाटला.

पण एक गोष्ट सुचली. तो लाल पट्टा आठवतो? तो मऊ आहे, पण चिकण असल्यामुळे त्यातून पाणी सहजासहजी खाली जात नाही. वरच्या कातळाच्या भेगांतून झिरपलेलं पाणी तिथे अडतं आणि पट्ट्याच्या वरच्या कडेने बाहेर येतं. पुष्कळ झरे अशाच ठिकाणी असतात. मामांच्या वाडीचा झराही तसाच, लाल मातीच्या वर. मात्र त्याचं पाणी नुसतं वाहून जातं. ज्या थरामुळे धबधबा कोसळतो आणि कपार पडते, तोच थर पाणी कुठे मिळेल हेही सांगतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मी आणि माझी रूममेट तेच करणार आहोत: त्या वाडीच्या वरच्या डोंगरातली लाल रेघ नकाशावर उतरवायची, तिच्यावरचे झरे मोजायचे आणि उन्हाळ्यात कोणता किती दिवस टिकतो ते पाहायचं. एक लहान टाकी कुठे बांधावी, एवढं जरी कळलं तरी पुरे. सरांनी विषयाला होकार दिला आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

१. धबधब्यामागच्या कपारीत उभं राहू नका. खाली शेवाळ नसलेले, धारदार कडांचे दगड दिसले तर जवळही जाऊ नका.

२. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा त्यात काटक्या-पाला येऊ लागला, तर वर पाऊस वाढला असं समजा आणि लगेच काठावर या. सामान राहू द्या.

३. डोहात पोहायला उतरू नका. वरून शांत दिसतो, आत भोवरा आणि कपारी असतात.

४. शेवाळलेल्या कातळावर चप्पल किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. कड्याच्या टोकाकडे पाठ करून फोटो तर मुळीच नको.

५. वाडीतला माणूस बरोबर घ्या. त्याला पैसे द्या, आणि मुख्य म्हणजे त्याचं ऐका.

६. केदारेश्वराच्या पाण्यात साबण, शाम्पूची पुडी, बिस्किटाचे कागद टाकू नका. ते कुणाचं तरी दैवत आहे.

सहावीतली ती हिरवी वही आईने जपून ठेवली आहे. दिवाळीत ती काढून मी रेनबो फॉल्सचं चित्र पुन्हा पाहिलं. या वेळी आधी नजर गेली ती गुहेच्या छताकडे.

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष (स्थापत्य), मुलींचे वसतिगृह